उखळाचं चित्र राहू द्या

सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या एका दुकानाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा धाकट्या मालकाची मागणी अगदी स्पष्ट होती. नाव बदलायचं, लोगो बदलायचा, पाऊच बदलायचं आणि नव्या नावाची नवी वेबसाइट करायची. वर्षभरात वेबसाइटवरच्या ऑर्डरी जवळजवळ बंद पडल्या होत्या आणि त्याचं निदान होतं, "मॅडम, आपला ब्रँड म्हातारा दिसतो." वडील गल्ल्यावर बसून ऐकत होते. त्यांचा नावावर जीव होता, पण एक अडचण त्यांनाही मान्य होती. नाव म्हणजे आडनाव, आणि वाटण्या झाल्यापासून त्याच आडनावाची भाऊबंदांचीही दुकानं गावात आहेत.

कोटेशन देण्याआधी मी गिऱ्हाइकासारखी नाही, नोकरासारखी दुकानात बसते. पुड्या बांधते, सुटे पैसे काढून देते आणि लोक काय मागतात ते ऐकते. यासाठी मी मुद्दाम गड्ड्याची यात्रा निवडली. संक्रांतीच्या त्या दिवसांत सिद्धेश्वराला आलेला माणूस चटणी घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. शिवाय अक्कलकोट, तुळजापूर करून आलेल्या गाड्याही थांबतात.

सकाळपासून जे कानावर पडलं ते मी वहीत लिहीत गेले. "उखळाची पुडी द्या की वो." "ते लाल, मुसळाचं चित्र असलेलं." एका गृहस्थांनी फोनच पुढे केला. ठाण्याच्या मेहुणीनं रिकाम्या पाऊचचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, हेच आणा, दुसरं नको. आडनाव घेऊन मागणारेही होते, पण त्यांना शेजारचा पानवाला उलट विचारी, "कुठलं? थोरल्यांचं का धाकट्यांचं?"

म्हणजे पाटीवरचं नाव लोकांच्या तोंडात जेमतेम होतं. तोंडात होतं ते उखळ. वडिलांनी कधीकाळी छापखान्यातल्या कलाकाराकडून काढून घेतलेलं, जरा बेंगरूळ, मुसळ तिरकं झालेलं चित्र. नव्या लोगोत नेमकं तेच गाळलं होतं. पुण्याच्या कुण्या मुलाकडून करून आणलेला तो लोगो दिसायला छान होता. रोमन लिपीतली बारीक अक्षरं आणि एक हिरवं पान. (शेंगा चटणीत हिरवं पान कुठून आलं, हे मी विचारलं नाही.)

मी धाकट्या मालकाला ट्रॉपिकानाचं सांगितलं. 2009 मध्ये अमेरिकेत या कंपनीनं रसाच्या खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून टाकलं आणि त्याजागी रसाचा पेला छापला. रस तोच होता. तरी दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुनं खोकं परत आणावं लागलं. त्यावर तो म्हणाला, "ते मोठे आहेत, त्यांना परवडतं." माझंही तेच म्हणणं होतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर वेबसाइट उघडली. उघडली म्हणजे उघडेपर्यंत चहा झाला. कॅमेऱ्यातून काढलेले फोटो लहान न करता तसेच चढवले होते. मराठी मजकूर युनिकोड (कुठल्याही संगणकाला वाचता येणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या एका फॉन्टमध्ये टाइप करून त्याचंही चित्र केलेलं. वाचायला ठीक, पण गूगलच्या लेखी त्या पानावर एक अक्षरही मराठी नव्हतं. "सोलापुरी शेंगा चटणी" शोधणाऱ्याला हे पान सापडणार कसं? संपर्काचा नंबर लँडलाइनचा, आणि ती लाइन केव्हाच परत केलेली.

मग मी एक किलो चटणीची ऑर्डर भरली. पडद्यावर "धन्यवाद" आलं. दुकानात कोणाचाच फोन वाजला नाही.

"फॉर्म भरला की मेल कुठं जातो?"

वडील म्हणाले, "भाच्याकडं. त्यानंच केली होती ना वेबसाइट. रोज बघून सांगायचा तो. आता दुबईला असतो."

धाकट्यानं भाच्याला फोन लावला. त्याला बिचाऱ्याला काहीच आठवत नव्हतं, तो पत्ता त्यानं दुबईला गेल्यापासून उघडलाच नव्हता. पासवर्ड सापडायला अर्धा तास गेला. मग आम्ही तिघं गल्ल्यामागच्या त्या छोट्या पडद्यात डोकं घालून बघत राहिलो. नागपूर, बेंगळुरू, ठाणे, बडोदा. दिवाळीच्या ऑर्डरी. एका बाईंनी तीनदा ऑर्डर टाकून चौथ्यांदा लिहिलं होतं, "दुकान बंद केलंत का? कळवा तरी." वडिलांनी ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं आणि मग मुलाकडे बघितलं. तो निमूटपणे नंबर उतरवून घेऊ लागला. त्यातले काही फोन त्यानं तिथूनच लावले.

यानंतर रिब्रँडिंगचा हिशेब मांडणं सोपं गेलं. पाऊच ग्रॅव्हूरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरांनी छापतात, त्यामुळे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, आणि पाव किलो, अर्धा किलो, एक किलो या प्रत्येक मापाचा संच निराळा. गोदामात छापील रोल पडून. नाव बदललं की एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या, परवान्यात बदल, जीएसटीत बदल, पाटी नवी. नुसत्या रोमन अक्षरांचा लोगो पाटीवर चालणारही नव्हता, कारण महाराष्ट्रात पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. वेबसाइटचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारी सोय निदान वर्षभर तरी चालू ठेवायची.

शिवाय मुलानं काढलेलं नवं नाव होतं गावाचं नाव अधिक "फूड्स". ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 9 प्रमाणे नुसतं ठिकाण किंवा मालाचं वर्णन सांगणारं नाव नोंदवायला गेलं की हरकत येते. उलट उखळाचं लेबल वडिलांनी कधीच ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवलं होतं, वर्ग 30 मध्ये, म्हणजे चटणी-मसाले ज्यात येतात त्या गटात. दर 10 वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं, ते जवळ आलेलं. कागद तिजोरीत होता आणि मुलाला त्याचा पत्ता नव्हता. भाऊबंदांच्या दुकानांपासून वेगळं दिसायची जी सोय तो शोधत होता, ती घरातच होती.

मी नेहमीच नाव राखा असं सांगते, असं नाही. पूर्वी सायबर कॅफे असलेल्या आणि आता स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका झालेल्या एका जागेच्या मालकाला मी पहिल्याच भेटीत नाव बदलायला लावलं. तिथे धंदाच बदलला होता, पाटी खोटं बोलत होती. इथे धंदा तोच, माल तोच, गिऱ्हाईक शोधत येत होतं आणि आत यायचं दार बंद होतं.

ठरलं ते असं. फोटो हलके करायचे, मजकूर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करायचा, फॉर्मच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि यूपीआय. ऑर्डर दोघांच्या फोनवर यायला हवी. वेबसाइटच्या माथ्यावर उखळ, तेच तिरक्या मुसळाचं. धाकट्यानं ते सरळ करून घ्यायचा एक प्रयत्न केला, वडिलांनी मान हलवली, विषय संपला.

एका मुद्द्यावर मात्र मुलगा अडून बसला आणि तो बरोबर होता. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला पाऊचवरचं मोठं नाव वाचता येत नाही. मी म्हटलं, सिलिंडर झिजून नवे करायची वेळ येईल तेव्हा उखळाखाली रोमनमध्ये एक ओळ घालू, रंग आणि चित्र तसंच. त्यानं तारीख मागितली. वडील म्हणाले, "आधी आहेत ते रोल संपू देत."

माझं कोटेशन अर्थातच बरंच खाली आलं. वडिलांनी त्यातूनही घासाघीस केली.