स्लग गनचा नेम आणि "तुम्ही दचकता": माझा अनुभव

आधीच सांगते, हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, तेव्हा त्यावरून भांडण नको. इथे मिडवेस्टमधल्या काही राज्यांत हरणासाठी वर्षानुवर्षं रायफल चालतच नव्हती, शॉटगन घ्या आणि स्लग (छर्र्यांऐवजी काडतुसात असलेली एकच जड गोळी) मारा. ओहायोत २०१४ पासून काही ठरावीक काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली, पण घरात शॉटगन आहे तर ती टाकून नवीन कशाला घ्यायची, म्हणून मी आमच्या १२ गेजच्या म्हणजे आपल्या बारा बोअरच्या पंप गनवरच अडून बसले.

हंटर एज्युकेशनचा कोर्स, लायसन्स, टॅग (हरणामागे लागणारा परवाना), सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. स्लग निवडणंही सोपं आहे पण लोक तिथेच घोळ घालतात म्हणून सांगते. बॅरल, म्हणजे नळी, आतून गुळगुळीत असेल तर फॉस्टर किंवा ब्रेनेके प्रकारचा स्लग. बॅरल रायफल्ड, म्हणजे आतून गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांचं असेल तर सॅबो, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टनातली बारीक गोळी. गुळगुळीत बॅरलमधून सॅबो मारणं म्हणजे पैसे जाळणं, गोळीला फिरकीच मिळत नाही त्यामुळे ती कशीही जाते. माझं बॅरल रायफल्ड, स्लग सॅबो, स्कोप बरा. म्हणजे कागदावर सगळं बरोबर होतं.

आणि १०० यार्डांवर गोळ्या ताटभर पसरत होत्या.

बरं, पसरत होत्या त्याही एक प्रकारे. दोन गोळ्या जवळजवळ, मग फोरएंड (नळीखालची मूठ) मागेपुढे करून पुढची भरली की तिसरी भलतीकडे, चौथी तिसऱ्याच्या शेजारी. हातामुळे चुकत असतं तर अशा जोड्या पडल्या नसत्या, हे मला तेव्हाच वाटत होतं. म्हणून बंदूक गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे दिली. सीझन तोंडावर, त्यामुळे त्याच्याकडे ही रांग. आठवडे गेले. फोन केला की "अजून बघितली नाही." शेवटी एकदा बघितली आणि काउंटरवर माझ्याशी न बोलता माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, बंदुकीत काही दोष नाही, मॅडम दचकतात. बारा गेजचा धक्का बायकांना झेपत नाही, वीस गेज (आकडा मोठा, नळी बारीक, धक्का कमी) घेऊन द्या. वर तपासणीचे पैसे घेतले ते घेतलेच.

मला आजही ते आठवलं की डोकं फिरतं. दचकतात म्हणणं सगळ्यात सोपं असतं हो, कारण ते खोटं आहे असं सिद्ध कोण करणार? पण करता येतं, आणि तुम्हाला कोणी असं म्हटलं तर तुम्हीही करा. रेंजवर आपल्या माणसाला बंदूक भरायला द्यायची, आपण बघायचं नाही, त्याने कधी खरा स्लग घालायचा कधी डमी काडतूस. डमीवर चाप ओढला आणि नळीचं टोक खाली गेलं की समजायचं आपण दचकतोय. नवऱ्याने माझ्या टोकाचा फोनवर व्हिडिओ काढला. डमीवर टोक जागच्या जागी. तो व्हिडिओ घेऊन परत त्या काउंटरवर जायची फार इच्छा होती, नवऱ्याने अडवलं.

मग घरी बंदूक रिकामी केली, चेंबर आणि ट्यूब (बॅरलखालची काडतुसं ठेवायची नळी) दोन्ही बोट घालून दोनदा तपासली, एका हाताने रिसीव्हर (चाप आणि यंत्रणा असलेला मधला भाग) घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बॅरल वरखाली दाबलं. टक, टक. हलत होतं! पंप शॉटगनचं बॅरल काढता-घालता यावं म्हणून रिसीव्हरमध्ये थोडं सैलच बसतं आणि पुढून ट्यूबची टोपी त्याला धरून ठेवते. छर्रे मारताना याने काही बिघडत नाही. पण माझा स्कोप होता रिसीव्हरवर, सॅडल माउंटने, म्हणजे रिसीव्हरवर खोगिरासारख्या बसणाऱ्या पट्टीने, ट्रिगरच्या पिनांच्या आधाराने. म्हणजे स्कोप बघतोय एकीकडे आणि बॅरल प्रत्येक वेळी पंप केल्यावर बसतंय किंचित दुसरीकडे. हिशोब करून बघा, २४ इंची बॅरलचं टोक इंचाचा शंभरावा भाग सरकलं तरी १०० यार्डांवर दीड इंचाचा फरक पडतो. तो शंभरावा भाग डोळ्याला दिसतही नाही.

याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे बॅरल पिन करून घेणं, रिसीव्हरला आटे पाडून एक स्क्रू आत बॅरलच्या मागच्या भागावर आवळतात, मग हालचाल बंद. पण मग साफ करायला बॅरल सहज निघत नाही, आणि त्यासाठी पुन्हा गनस्मिथच्या दारात जावं लागतं, ते तर मी मेले तरी करणार नव्हते. दुसरा म्हणजे कँटिलिव्हरचं बॅरल, ज्यात स्कोपची पट्टी बॅरललाच जोडलेली असते आणि मागे रिसीव्हरच्या वर येते. बॅरल हललं तर स्कोपही त्याच्याबरोबरच हलतो. मी हे घेतलं. टोपी घट्ट करून तिच्यावर आणि ट्यूबवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारली, टोपी सैल झाली की रेघ तुटलेली दिसते. (हो, नेलपॉलिश. बायकांना झेपत नाही ना.)

पहिलाच ग्रुप, म्हणजे एका मागोमाग मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, तीन इंचांच्या आत आला. मी टार्गेटचा कागद फ्रिजवर लावलाय.

नवीन बंदूकच घेणार असाल तर मात्र ही भानगड टाळून बोल्ट अ‍ॅक्शन स्लग गन बघा, सॅवेज २२० सारखी, तिचं बॅरल रिसीव्हरमध्ये आट्यांनीच बसवलेलं असतं. ती वीस गेजच आहे, म्हणजे गनस्मिथ अर्धा तरी बरोबर निघाला, पण कारण त्याने सांगितलं ते नाही.

अजून आठवलं ते. वाळूच्या पिशवीवर बॅरल टेकवू नका, फोरएंड टेकवा, नाहीतर गोळी वर जाते. आणि फोरएंड हाताने घट्ट धरा. स्लग रायफलच्या गोळीपेक्षा हळू निघतो, तो नळीत असतानाच बंदूक उचलायला लागते. पकड दर वेळी सारखी हवी. दोन गोळ्यांमध्ये बॅरल थंड होऊ द्या, रानात पहिली गोळी थंड बॅरलमधूनच जाते आणि तीच कुठे पडते ते माहीत हवं. स्कोप घेताना शॉटगनसाठीचाच घ्या, डोळ्यापासून अंतर जास्त मिळतं, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.

सॅबोच्या पाकिटात पाचच येतात आणि महाग असतात, तरी दोन-तीन कंपन्यांचे आणून बघाच, एका बॅरलला जो आवडतो तो दुसऱ्याला आवडेल असं नाही. आवडला की त्याच लॉट नंबरची (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली) पाकिटं सीझनभर पुरतील इतकी एकदम घेऊन ठेवा.