चार तास आणि एक टोपली

सेंद्रिय भाजीच्या शेतावरच्या माझ्या कामाची सुरुवात लव्हाळा या तणापासून झाली. पहिल्या शनिवारी शेतकरी ताईंनी हातात खुरपं दिलं, वांग्याचा वाफा दाखवला आणि म्हणाल्या, "वरून ओढू नका, गाठ काढा." मी मात्र भराभर ओढत सुटले. अर्ध्या तासात वाफा लख्ख झाला. मग ताई आल्या, खुरपं खोल घालून माती उकरली आणि तळहातावर दाखवलं: काळपट, वाटाण्याएवढ्या गाठी, बारीक मुळीने एकीला एक जोडलेल्या. वरची पात तुटली तरी या गाठींतून पुन्हा कोंब येतोच. तणनाशक मारायचं नाही म्हटलं की ही प्रत्येक गाठ कुणीतरी हाताने काढायची असते. सेंद्रिय भाजीत किती माणसांचं बळ जातं, ते मला तिथे उकिडवं बसल्यावर कळलं.

आमचं ठरलंय ते असं: दर शनिवारी सकाळी चार तास काम आणि बदल्यात आठवड्याच्या भाजीची एक टोपली. पैशांची देवघेव नाही.

ओळखीचे लोक याला "फुकट भाजी" म्हणतात, आणि ते मला मनापासून खटकतं. पहिले दोन महिने तोट्यात होत्या त्या ताईच. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला गाजराच्या ओळी खुरपायला दिल्या. गाजराचं बी उगवायला दोन-तीन आठवडे लावतं, तोवर तण पुढे निघून गेलेलं असतं. शिवाय त्याची पहिली दोन पानं लांबट, अरुंद, थेट गवताच्या पातीसारखी असतात. कातरलेलं, ओळखू येणारं पान मागाहून फुटतं. मला हे ठाऊक नव्हतं. दीड ओळ गाजर मी गवत समजून उपटून टाकलं. ताई खाली बसल्या, ढिगातून एक रोप उचलून मला त्याची पानं नीट दाखवली आणि उरलेली ओळ माझ्यासोबत खुरपली. त्या दिवशी टोपली घ्यायला माझा हात धजेना. "ठरलंय ते ठरलंय," त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी या म्हणजे झालं."

पिकाचा असा वाटा आधीच ठरवून घेण्याची पद्धत अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांवर सुरू झाली. सभासद हंगामाआधीच शेतीच्या खर्चाचा भार उचलायचे आणि मग जे पिकेल त्यात वाटेकरी व्हायचे. चांगलं पिकलं तर भरपूर, कीड पडली तर थोडं. पुढे कितीतरी शेतांनी पैशांऐवजी श्रम देऊनही वाटा घेण्याची सोय केली. श्रम देणाऱ्यालाही तोच नियम लागतो, हे बरेच जण विसरतात.

मध्ये दोन आठवडे पावसाने उसंत दिली नाही. ओल्या रानात पाय घातला की माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून आम्ही शेडमध्ये क्रेट धुतले, बी निवडलं. टोपलीत चार मुळे आणि मूठभर पालक आला. सोबतचे एक जण म्हणाले, "चार तासांचे एवढेच?" मला फार वाईट वाटलं. टोमॅटोच्या भरात दोन्ही हातांनी टोपली उचलवत नव्हती, तेव्हा हा हिशेब कुणी काढला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी आधीच विचारून घेते: आमच्यामुळे रोजावरच्या बायकांचं काम जातंय का? पूर्वी मी दुसऱ्या एका शेतावर जायचे, तिथे आम्ही आल्यापासून मजूर बायकांना बोलावणं बंद झालं होतं. मी तिथे जाणं सोडलं. ताईंकडे रोजावरच्या बायकांचं काम चालू आहे. खुरपं कसं धरायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकले.

कुणाला असं काम करायचं असेल तर तास, वार, आजारी पडल्यास काय, हे सगळं आधी लिहून घ्या. आणि ठरलेल्या दिवशी जाच. पालेभाजी ऊन चढायच्या आत कापावी लागते, नाहीतर पानात उष्णता राहते आणि ती दुपारपर्यंत मान टाकते. तुम्ही आला नाहीत तर ती कापणी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते.

या आठवड्यात गाजराची नवी ओळ वर आली आहे. ताईंनी ती मलाच दिली. खुरपं बाजूला ठेवून, बोटांनी, एकेक पात बघत मी सकाळभरात जेमतेम अर्धी ओळ केली.