आजोबांची झोप

आज सिस्टरांसोबत एका आजोबांकडे गेले होते. तोंडाचा कॅन्सर, शेवटचा टप्पा. "ताई, काल रात्री सलग झोपले बघा," सूनबाई दारातच म्हणाल्या. मग हळूच, "पण सवय नाही ना लागणार?" सिस्टरांनी डबी उघडून दाखवली: मॉर्फिन (तीव्र वेदना कमी करणारं औषध) दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहायची गोळी. दुखण्यासाठी मोजून दिलं तर व्यसनाची भीती फार कमी, हे त्यांनी शांतपणे समजावलं.

अशी औषधं मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये एनडीपीएस (अंमली पदार्थांविषयीचा) कायदा सुधारला, तरी अनेक ठिकाणी ही गोळी मिळतच नाही. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी) सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर-नर्स दोघांसाठी आहे. आमच्या सिस्टरांनी तोच केलाय. ओळखीच्या डॉक्टरांना टॅग करा.