निळ्या दिव्याखालची भाची

आज दिवसभर नौपाड्यातल्या एका दवाखान्यात होते. ताईची लेक ३ दिवसांची. काल डोळे पिवळट दिसले, बिलीरुबिन (कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढलेलं निघालं, आज ती फोटोथेरपीत, म्हणजे निळ्या दिव्याखालच्या उपचारात. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर इवलीशी पट्टी, मुठी घट्ट आवळलेल्या.

ताई रडत म्हणाली, "नाळ जरा थांबून कापा, हे मीच सांगितलं होतं गं." माझ्या पोटात कालवलं.

डॉक्टरांनी बसवून समजावलं. नाळेला चिमटा निदान १ मिनिट थांबूनच लावावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वारेतलं रक्त बाळाकडे जातं, पुढचे काही महिने लोह पुरतं. तांबड्या पेशी जास्त, म्हणून त्या फुटल्यावर बिलीरुबिनही थोडं जास्त. ते बाहेर टाकताना नवजात यकृताची धावपळ होते, काही बाळांना दिवा लागतो. पण नाळ लगेच कापलेल्या बाळांनाही कावीळ होतेच की! सासूबाई कोवळ्या उन्हाचं म्हणत होत्या, तर डॉक्टरांनी ठाम सांगितलं, ऊन म्हणजे उपचार नव्हे.

ताई, तू काहीच चुकवलं नाहीस गं.

सात वाजता दूध पाजायला बाळाला बाहेर घेतलं. पट्टी काढली, तर कपाळावर तिची बारीक खूण उमटलेली. पिता पिताच झोपली.