टोकारेव्ह टीटी-३३ ला नुसती कॉपी म्हणू नका

टीटी-३३ या सोव्हिएत पिस्तुलाचा विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतंच, अहो ते तर अमेरिकन बंदूक-रचनाकार ब्राउनिंगच्या पिस्तुलाची कॉपी! मला हे दरवेळी खटकतं.

लॉकिंग, म्हणजे गोळी सुटताना नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) एकत्र धरून ठेवण्याची रचना, ब्राउनिंगचीच आहे, ते मान्यच. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत जराशा मागे येतात, मग खालची छोटी लिंक नळीला खाली ओढते आणि स्लाइड एकटीच पुढचं काम करते, ब्राउनिंगच्याच अमेरिकन एम १९११ पिस्तुलात हेच आहे. ७.६२×२५ काडतूससुद्धा माउझरच्या ७.६३ वरूनच आलंय. पण पिस्तुलाचा रचनाकार फ्योदोर टोकारेव्हचं खरं डोकं दिसतं ते हॅमरच्या (गोळी डागणाऱ्या हातोडीच्या) भागात. हॅमर, त्याची स्प्रिंग, सिअर (हॅमरला मागे धरून ठेवणारा भाग) हे सगळं त्याने एका वेगळ्या तुकड्यात बसवलं, स्लाइड काढली की तो अख्खा तुकडा हाताने वर उचलून बाहेर काढता येतो, साफ करा नाहीतर दुसरा बसवा. आणि काडतूस चेंबरकडे (नळीतल्या काडतुसाच्या जागेकडे) नेणारे गाइडही त्याच तुकड्यावर कोरलेत, त्यामुळे मॅगझीनचे पातळ पत्र्याचे ओठ थोडे वाकले तरी पिस्तूल चालतं. मुठीच्या पट्ट्यांनाही बाहेरून स्क्रू नाहीत, आतल्या फिरत्या पट्टीने धरलेल्या असतात. बर्फात, चिखलात सैनिकाला याचा किती फायदा झाला असेल!

हे करताना टोकारेव्ह साठीच्या जवळ होता (जन्म १८७१). आधीचं मॉडेल टीटी-३०, आणि ३३ मधला बदल मला सगळ्यात आवडतो: नळीवरचे लॉकिंगचे कंगोरे आधी फक्त वरच्या बाजूला होते, ते आता नळीभोवती पूर्ण गोल केले. का, तर गोल काम लेथवर भराभर होतं, मिलिंगचा वेळ वाचतो. मुठीची मागची पट्टीही वेगळी न ठेवता फ्रेममध्येच घेतली. कारखान्यात काय सोपं पडेल हे कळणारा माणूसच असं करतो.

तरी जुनं नागान रिव्हॉल्व्हर काही गेलं नाही, १८९५ चं ते मॉडेल दुसऱ्या महायुद्धातही तुला आणि इझेव्हस्क या रशियन शहरांत बनत राहिलं कारण लाल सेनेची गरजच तेवढी प्रचंड होती.

दोष आहे, आणि मोठा आहे. वेगळी सेफ्टी नाही. फक्त हॅमरचा हाफ-कॉक, म्हणजे हॅमर अर्धवट मागे अडकवून ठेवायची सोय, आणि त्या भरवशावर भरलेलं पिस्तूल कमरेला लावून फिरणं मला तरी पटत नाही. मूठही जवळपास सरळ, त्यामुळे नेम नैसर्गिकपणे येत नाही अशी तक्रार असते. हंगेरीने इजिप्तसाठी ९ एमएमचं टोकाजिप्ट ५८ बनवलं त्यात सेफ्टी घातलीच.

१९५१ मध्ये सोव्हिएत मकारोव्ह पिस्तूल आलं, साधं ब्लोबॅक (लॉकिंगच नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर काम), पहिली गोळी डबल ॲक्शनने (ट्रिगर दाबला की हॅमर आपोआप मागे जाऊन सुटतो), स्लाइडवर सेफ्टी, आणि टीटीपेक्षा बरंच आटोपशीर. सोव्हिएत अधिकाऱ्यांसाठी ते योग्यच होतं. चीनने मात्र टाइप ५४ म्हणून टीटीच बनवत ठेवलं आणि युगोस्लाव्हियाने एम५७ मध्ये मूठ थोडी लांबवून ८ ऐवजी ९ गोळ्या बसवल्या.