परत आलेलं ताट

जुलैत कांडल्याहून एडनच्या आखाताकडे निघालं की सोकोत्रा बेटाच्या आसपास नैऋत्य मोसमी वारा जहाजाला धुऊन काढतो. मी मालवाहू जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी आहे. अशा समुद्रात तळण बंद. पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, शेगडीवरच्या लोखंडी पट्ट्यांत ते अडकवायचं. मेसच्या टेबलावर ओला कपडा अंथरायचा, म्हणजे ताटं सरकत नाहीत.

त्या खेपेला साताऱ्याकडचा एक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी होता, पहिलीच सफर. बोट लागली, म्हणजे डोलण्यानं उलट्या सुरू झाल्या, की पहिल्या दिवशी कोणी जेवत नाही, त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशीही त्याचं ताट झाकलेलं तसंच परत आलं, तेव्हा मी जेवण वाढणाऱ्या मेसमनला विचारलं. म्हणाला, ‘‘पाणी पितोय, लगेच ओकतोय.’’ औषधं सेकंड ऑफिसरच्या ताब्यात. त्यांनी गोळी दिली होती. ती बोट लागायच्या आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर पोटात टिकणार कशी? पण वहीत ‘औषध दिले’ लिहिलं गेलं आणि विषय मिटला.

मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. ओठ फुटलेले, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी.

‘‘लघवी कधी झाली?’’

तो लाजला. ‘‘काल सकाळी, काका.’’

हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तहान असह्य झाली की पोरगा ग्लासभर पाणी एका दमात प्यायचा आणि ते तसंच बाहेर पडायचं. त्यात नुसतं पाणी. उलटीतून गेलेलं मीठ कसं भरून येणार? मी ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या क्षारांचं पाकीट मागून आणलं, मोजून लिटरभर पाण्यात कालवलं आणि मेसमनला बाजूला बसवलं. मिनिटाला एक चमचा, जास्त नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा. दुपारनंतर मीठ घातलेली पातळ पेज, तीही घोटाघोटानं. संध्याकाळी त्याला लघवी झाली, गडद हळदीसारखी. मला हायसं वाटलं.

त्याच रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याला, त्याचं नाव लागलेलं होतं. उभं राहिल्यावर चक्कर येणारा पोरगा ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, समुद्रावर नजर ठेवायला! मी कॅप्टनसाहेबांना सांगून ते काढायला लावलं. सकाळी हवामानाच्या खबरीसोबत कोण जेवलं नाही हेही तुम्हाला कळवू का, असंही विचारलं. ‘‘बघू,’’ म्हणाले.

जहाजावर कोणाच्या पोटात काय गेलं हे भंडाऱ्याइतकं कोणालाच कळत नाही, आणि त्याला विचारायची पद्धत नाही. आता गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मी नावांचा कागद लावलाय. लागोपाठ दोन ताटं परत आली की मी स्वतः दार ठोठावतो.