पाना कोणत्या नंबरचा लागते?

मे महिन्यात नागपुरात दुपारी क्लिनिक उघडं ठेवणं म्हणजे माशा मारणं, चार-पाच वाजेपर्यंत कोणी फिरकत नाही आणि जो येतो तो एकतर रात्रभर दाढ ठणकलेला असतो नाहीतर लग्नघरातला. त्या दिवशीचे काका लग्नघरातले होते. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, नखांत ऑइल, आमच्या मानेवाडा रोडवरच त्यांचं टू-व्हीलरचं वर्कशॉप आहे. खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू, "मॅडम, हा इम्प्लांटवाला दात हालून राहिला न. उद्या पोरीची हळद आहे. काढून फेका नाही तर पक्का करा, पण आजच करा."

खालची उजवी मोठी दाढ. बोट लावलं तर खरंच डुगडुगत होती. आता पेशंटला वाटतं इम्प्लांट हलला म्हणजे पैसे पाण्यात गेले, पण नेमकं हलतंय काय ते आधी पाहावं लागतं. हाडात मुळाच्या जागी बसवलेला टायटॅनियमचा इम्प्लांट असतो, त्यावर अबटमेंट म्हणजे मधला जोडतुकडा, त्यावर कॅप, आणि हे वरचं सगळं धरून ठेवणारा आत एक बारीकसा स्क्रू. हाडातलाच भाग हलत असेल तर विषय संपला, काढावाच लागतो. पण एक्स-रे काढला तर हाड एकदम झकास, वरपासून खालपर्यंत आट्यांना चिकटलेलं, फक्त इम्प्लांट आणि अबटमेंटच्या मध्ये केसाएवढी काळी फट दिसत होती. मी म्हटलं काका, दात शाबूत आहे, आतला स्क्रू लूज झालाय.

"मग टाइट करा न. पाना कोणत्या नंबरचा लागते?"

घोडं तिथंच तर अडलं होतं. इम्प्लांट लावला होता पुण्यात, मुलाकडे राहत असताना, पाच-सहा वर्षांपूर्वी. तो दवाखाना आता बंद, फोन लागत नाही, कंपनी कोणती ते काकांना माहीत नाही. खरं तर प्रत्येक इम्प्लांटच्या डब्यात स्टिकर येतात, कंपनीचं नाव, जाडी, लांबी, लॉट नंबर सगळं त्यावर असतं, एक फाइलला चिकटवायचं आणि एक पेशंटला कार्डावर लावून द्यायचं. इतकं साधं काम आहे पण कितीतरी जणांना कार्ड मिळतच नाही, आणि ज्यांना मिळतं ते लाइटबिलाच्या गठ्ठ्यात कुठंतरी टाकून देतात. आणि इम्प्लांटच्या स्क्रूचं काही एकच माप नाही हो, कोणाचा षटकोनी, कोणाचा ताऱ्यासारखा, कोणाचा चौकोनी, षटकोनीतही कोणाचा 1.25 मिलिमीटरचा तर कोणाचा 1.2 चा. अर्ध्या दशांशाचा फरक म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही.

दाढेच्या वरच्या बाजूला सिमेंट भरून बुजवलेलं भोक होतं हे नशीब, म्हणजे कॅप न तोडता आत जाता येणार होतं. भरलेलं काढलं, खालून पांढऱ्या टेपची गुंडाळी निघाली, ती चिमट्यानं ट्रेमध्ये ठेवली तर काका उठून बसले. "अबे, ही तर नळाले लावते ती टेप!" आता काय सांगणार, तीच असते. स्क्रूच्या डोक्यात सिमेंट जाऊ नये म्हणून टेफ्लॉन टेप कोंबतात, जगभर कोंबतात.

माझ्याकडचा 1.25 चा ड्रायव्हर लावला, जाईना. थोडा दाब द्यावा असा मोह होतोच. तेवढ्यात तोंड उघडं ठेवूनच काकांनी हात वर केला. बोळा काढला तर म्हणाले, "मॅडम जबरदस्ती नका करू बरं, एकदा डोकं गोल झालं का कोणाच्या बापाच्यानं निघत नाही." पंचवीस हजारांच्या कोर्सला जे सांगतात तेच हे फुकटात सांगून राहिले होते. मी हात मागे घेतला.

मग एक्स-रेचा फोटो काढून आमच्या डेंटिस्ट लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथले दोघंतिघं सीनियर नुसत्या आट्यांच्या आकारावरून आणि मानेवरून इम्प्लांट ओळखतात, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. पंधरा-वीस मिनिटांत रामदासपेठेतल्या एका सरांचा मेसेज आला, हा अमुक असावा, याला 1.2 चा लागेल, माझ्याकडे आहे, माणूस पाठव. माझी असिस्टंट बिचारी त्या उन्हात तोंडाला स्कार्फ बांधून गाडी काढून निघाली.

ती येईपर्यंत कूलरसमोर काकांचे प्रश्न. हाडात धातू रुजतेच कसं, हा पहिला. मग त्यांना स्वीडनच्या ब्रॅनेमार्क डॉक्टरांची गोष्ट सांगितली, की 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून ते आतला रक्तप्रवाह पाहत होते, नंतर नळी काढायला गेले तर निघेचना, हाडच तिला धरून बसलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट लावले आणि ते त्याला शेवटपर्यंत, चाळीस वर्षं पुरले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जाम झालं म्हणून शोध लागला." यापेक्षा कमी शब्दांत मला तरी सांगता आलं नसतं.

ड्रायव्हर आला. नखाएवढी वस्तू, हातातून सुटली तर सरळ घशात, म्हणून त्याच्या भोकातून फ्लॉसचा दोरा ओवून बाहेर धरून ठेवतात. लावला आणि टचकन बसला. स्क्रू काढून धुऊन पाहिला, आटे ठीक होते, तरी ताणलेला स्क्रू कायमचा ठेवू नये म्हणून नवा मागवायचं ठरवलं आणि लग्नापुरता हाच परत कसला. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून कसायचा पाना, काढला तसे काका खूश, किती लावता म्हणे. 35 न्यूटन सेंटीमीटर. "आमचं न्यूटन मीटरमध्ये रायते." म्हटलं त्याचा शंभरावा भाग, हे तुमच्या इंजिनचं हेड नाही. दहा मिनिटं थांबून परत तेवढाच कसला, कारण पहिल्यांदा कसल्यावर स्क्रू बसतो आणि थोडा सैलावतोच. नवी टेप, वरून सिमेंट, मग निळा कागद चावायला दिला, आणि तिथं खरी गोम कळली. कॅपवर एका जागी गडद निळा ठिपका, म्हणजे सगळा मार तिथंच. खऱ्या दाताला मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, तो जरा दबतो. इम्प्लांट थेट हाडात, तो दबत नाही, सगळा झटका त्या स्क्रूवर जातो. ठिपका घासून कमी केला.

मग विचारलं, काका, या बाजूनं कडक काय चावता? आधी काही नाही म्हणाले. खिशात पन्नी चुरचुरत होती. खर्रा, म्हणजे तंबाखू घातलेली सुपारी. दिवसभर ती त्याच दाढेखाली. मी म्हटलं, स्क्रू मी पाहिजे तितक्या वेळा कसून देईन, पण तोंड उघडा बरं पूर्ण, आणि पाहिलं तर माझी तीन बोटं उभी जेमतेम मावत होती, गालाची कातडी आतून फिकट, ताठर लागत होती. ते त्यांना नीट सांगितलं, खर्र्यानं गाल असा ताठरत जातो, स्क्रूपेक्षा मोठी गोष्ट ही आहे, लग्न झालं की सरकारी डेंटलला दाखवायचं आणि खर्रा आजपासून बंद.

काका गप्प बसले थोडा वेळ. मग दुपट्टा बांधता बांधता म्हणाले, "डाव्या बाजूनं खाल्ला तं चालते का, मॅडम? तिकडं इम्प्लांट नाही न."

म्हटलं, तिकडं गाल आहे न काका.

"हो, ते बी आहे," म्हणाले, आणि पन्नी काढून माझ्या डस्टबिनमध्ये टाकली. खिशात दुसरी होती की नाही ते मी विचारलं नाही. नवा स्क्रू आलाय, कार्डही लिहून ठेवलंय, वर्कशॉपमध्ये दोनदा फोन केला तर पोरगा म्हणतो काका बारातीत आहेत.